तपासणीपुरते पेशंट

मुर्रीच्या दुर्गाप्रसादजींनी नर्सिंग कॉलेज काढले, तेव्हा कॉलेजला स्वतःचे हॉस्पिटल लागते हे ऐकूनच त्यांना घाम फुटला होता. तरी त्यांनी हॉस्पिटल बांधले. आता मान्यता देणाऱ्या नर्सिंग परिषदेला त्यात पेशंटही हवे होते! तपासणी उद्यावर आलेली आणि खाटा रिकाम्या. मान्यता गेली, तर शेवटच्या वर्षाच्या पोरींची नर्स म्हणून नोंदणी होणार नव्हती, आणि नोंदणीवाचून नोकरी कोण देतो?

त्याच वर्षातल्या रविताने मग तपासणीच्या दिवशी सकाळी सख्ख्या बापालाच आणून झोपवले.

"मले काही झालं नाही, मी कायले झोपू?" यादोराव कुरकुरले.

"माह्या नोंदणीसाठी, बाबा. अन् थोडं कण्हत राहा."

भाताच्या रोवणीचे दिवस. आजारी पडायला गावात कुणालाच सवड नव्हती. स्वयंपाकीण कुंदाबाई झोपली, ड्रायव्हर भैय्यालाल झोपला, तरी एक खाट उरलीच.

"डॉक्टरसाब, अब आपही लेट जाओ," दुर्गाप्रसादजी म्हणाले. डॉक्टर हिमांशू हे तिथले एकुलते एक डॉक्टर. हाताला सलाईन चिकटवून तेही पांघरुणात शिरले.

तपासणीच्या मॅडम फिरता फिरता यादोरावांपाशी थांबल्या. "यांचं बीपी घेऊन दाखव," त्या रविताला म्हणाल्या.

रविताने घेतले. पुन्हा घेतले. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, बीपी लय वाढलं! डोकं दुखून राहिलं का?"

"सकाळपासून कण्हून राहिलो ना! तुले वाटलं नाटक."

दुर्गाप्रसादजी मॅडमच्या मागून गप्प राहण्याच्या खुणा करत होते. रविताने त्यांच्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि ओरडली, "डॉक्टरले बोलवा!"

"खरंच, डॉक्टर कुठे आहेत?" मॅडमनी विचारले.

शेवटच्या खाटेवरचे पांघरूण उडाले. सलाईनचा स्टँड ओढत डॉक्टर धावत आले, यादोरावांना तपासले, गोळी दिली.

"आणि तुम्हाला काय झालंय?" मॅडमनी विचारले.

डॉक्टरांनी दुर्गाप्रसादजींकडे बोट दाखवले. "यांनाच विचारा."

यादोराव बरे झाले. कॉलेजची मान्यता मात्र गेली, आणि नोंदणी बुडू नये म्हणून परिषदेने पोरींना दुसऱ्या कॉलेजात पाठवले. रविताचा जीव भांड्यात पडला. इकडे गावोगाव बोलबाला झाला, "डॉक्टर सोता सलाईनवर होता, तरी उठून आला अन् यादोरावले वाचवलं!" रोवणी आटोपताच हॉस्पिटलमध्ये पेशंटची रांग लागली.

दुर्गाप्रसादजींनी रविताला फोन केला. "बेटी, सगळ्या खाटा भरल्या. खरे पेशंट! पण नर्स एकही नाही. तू येऊन जा ना."

"आधी नोंदणी होऊ द्या, सर," रविता म्हणाली. "त्याच्याबिगर खऱ्या पेशंटले हात लावत नाही मी."