मास्तर अजून खालीच

शिमोनमास्तर रिक्षात बसले की भाड्याच्या आधी विश्वास विचारतात. "बाळ, तू कशावर विश्वास ठेवतोस?" नवीन रिक्षावाला गोंधळून आरशात बघतो. जुन्यांना सवय आहे. नवापूर स्टेशनवरचा दगा रिक्षावाला एकदा म्हणाला, "मास्तर, मन्हा विश्वास ब्रेकवर शे. तो बी उतारवर नही." मास्तर हसले नाहीत. ब्रेक बनवणाऱ्याला कोणी बनवलं, इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि उतरायचं ठिकाण केव्हाच मागे पडलं.

मी त्यांचा शेजारी. हायस्कूलला मराठी शिकवायचो, ते प्राथमिक शाळेत होते, आता दोघेही पेन्शनीत. मी तापीकाठचा पाटील, घरात गणपती. ते गावित, आजोबांपासून ख्रिस्ती. घरात ते मावची बोलतात, पण उंबरा ओलांडला की थेट बायबलमधलं मराठी सुरू. "भगिनी, ही भेंडी कालची आहे काय? सत्य ते सांग," असं विचारल्यावर भाजीवाली बिचारी सत्य सांगून मोकळी होते. आमच्या घरी ते आले की बायको आतून म्हणते, "उनात तुम्हना मास्तर. बसा आते परीक्षाले."

चर्चमधल्या मुलांना दृढीकरणाआधी, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधी, विश्वासांगीकार पाठ यावा लागतो. ख्रिस्ती माणूस काय काय मानतो, ते त्यात ओळीनं सांगितलेलं असतं. आकाश आणि पृथ्वी घडवणारा बाप, त्याचा एकुलता एक पुत्र, त्याचा कुमारीच्या पोटी जन्म, वधस्तंभावरचं मरण, कबर, अधोलोकात उतरणं, तिसऱ्या दिवशी उठणं, शेवटचा न्याय, पापांची क्षमा, मेलेल्यांचं पुन्हा उठणं. मी हिंदू असून मला हे सगळं पाठ आहे, कारण मास्तरांचा ओटा माझ्या खिडकीखाली आहे आणि तीस वर्षं तिथं हीच शिकवणी चालते.

या शिकवणीत मुलं हमखास एका जागी अडखळतात. मावचीत वाढलेल्या पोरांच्या कानाला 'अधोलोक' कुठला ओळखीचा असायला? ती बिनदिक्कत म्हणतात, "आधी लोकात उतरला." मास्तर छडी ओट्यावर आपटतात. "आधी लोकात नव्हे. लोकात तो जन्मला तेव्हाच आला होता. हे मेल्यानंतरचं आहे. मेलेले असतात तिथं, पार तळाला. अधो, अधो." मग दहा पोरं रस्त्याला ऐकू जाईल अशी "अधो, अधो" ओरडतात आणि माझी दुपारची झोप त्याच दिशेला जाते.

खरी पंचाईत रविवारी होते. मास्तरांचा गुडघा धरल्यापासून मीच त्यांना स्कूटरवर चर्चला सोडतो आणि शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसतो. सगळी मंडळी उभी राहून विश्वासांगीकार म्हणते. 'अधोलोकात उतरला' ही ओळ आली की मास्तर थांबतात. डोळे मिटतात आणि चांगले मिनिटभर गप्प उभे राहतात. बाकीचे कोणासाठी थांबणार? ते तिसऱ्या दिवशी पोचतात, स्वर्गात जातात, न्याय आणि क्षमा उरकून खाली बसतात. तेवढ्यात मागून मास्तरांचा एकट्याचा आवाज येतो, "तिसऱ्या दिवशी..." तरुण पोरं खुसखुसतात. "मास्तर आजून खालीच शेतस," असं एकदा दगाचा मुलगाही म्हणाला, म्हणजे ही गोष्ट चर्चच्या बाहेरही पोचली होती.

मीही एकदा चेष्टेत विचारलं, "मास्तर, एवढा वेळ खाली काय करता?" ते म्हणाले, "पाटीलसर, शुक्रवारी पुरलं, रविवारी उठला. मधला शनिवार तो तिथं होता. आपण एका श्वासात उरकतो. एवढी काय घाई आहे?"

घाई का नाही, ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नाथाननं, एकुलत्या एका मुलानं, स्वतःचा जीव घेतला. पोल्ट्रीवर सुपरवायझर होता, शांत पोरगा. का केलं, ते कोणालाच कळलं नाही. त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं, कारण असं मरण आलेल्याला आत जागा द्यायची नाही आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनाच्या नोंदवहीत त्याचं नावही घालायचं नाही, असा नियम होता. नियम लिहिणारे मंडळीचे सचिव खुद्द शिमोनमास्तर. खड्डा कुठं खणायचा, ते त्यांनीच बोट करून दाखवलं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

त्या कुंपणाबाहेर आधीची एक कबर होती. मंडळीतल्या रिबकाबाईंची लेक सुनंदा. नववीत माझ्या वर्गात होती, निबंध फार छान लिहायची. तीही अशीच गेली तेव्हा रिबकाबाई मास्तरांच्या ओट्यावर येऊन पाया पडल्या होत्या. मास्तर म्हणाले होते, "भगिनी, नियम तो नियम." मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नव्हतो. रिबकाबाई तर त्यानंतर कधीच बोलल्या नाहीत. पंधरा वर्षं दर रविवारी त्यांच्या पुढच्या बाकावर बसतात, मागं वळत नाहीत.

या वर्षी चर्चला नवे पाळकसाहेब आले. भला माणूस आहे. त्यांनी उपासनेचे नवे कागद छापून आणले आणि त्यात ती ओळ नव्हती. बऱ्याच मंडळ्या ती म्हणत नाहीत, मुलांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कागद हातात आला त्या संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले. विश्वास विचारला नाही. म्हणाले, "सर, तुम्ही व्याकरणाचे. पडला आणि उतरला, यात फरक काय?"

मी चहा पीत सहज बोलून गेलो, "पडणाऱ्याला कोणी विचारत नाही. उतरणारा आपणहून जातो."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच ठेवून गेले.

चर्चच्या पंचमंडळाच्या बैठकीत त्यांनी तेच सांगितलं. मला नंतर भिंतीपलीकडून ऐकवलं. "मी म्हणालो, माझा नाथान पडला. तुम्ही सगळे म्हणता तो नरकात आहे. असू द्या. पण एक जण तिथं आपणहून उतरला होता, एवढंच मला धरायला आहे. तेही खोडता?"

"मग?"

"खजिनदार म्हणाले, मास्तर, नियम तर तुम्हीच लिहिले." मग त्यांनीच जोडलं, "खरं बोलला तो."

ओळ गेली ती गेलीच.

पुढच्या रविवारी नव्या कागदावरून मंडळी पुरण्यावरून थेट उठण्यावर गेली. मास्तर थांबले. मला वाटलं, आता हसतील पोरं. सगळे शेवटपर्यंत पोचून खाली बसले आणि मास्तर एकटेच उभे राहिले. पाळकसाहेब खोकले. मी पंख्याखाली घामाघूम झालो होतो.

तेव्हा पुढच्या बाकावरून रिबकाबाई उठल्या. मागं वळल्या नाहीत. कागद बाकावर ठेवला आणि स्पष्ट म्हणाल्या, "अधोलोकात उतरला." मग थांबल्या. मास्तर थांबतात तेवढ्याच. तीन वर्षं मागून ऐकून त्यांना ते अंतर पाठ झालं होतं. मग "तिसऱ्या दिवशी" पासून पुढचं सगळं त्यांनी एकटीनं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. मास्तर बाकाची पाठ धरून रडत होते. बाई रागानं म्हणत होत्या की मायेनं, मला सांगता येणार नाही. उपासना संपल्यावर त्या कोणाशी न बोलता गेल्या.

घरी परतल्यावर मास्तरांनी मला आत बोलावलं. ट्रंकेतून मंडळीची जुनी दफनाची नोंदवही काढली, पुसली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. लिहायला मला सांगितलं, माझं अक्षर बरं आहे.

मी पेन उघडलं आणि 'ना' लिहायला टेकवलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी सुनंदाचं लिहा," ते म्हणाले.