खांबामागचा नवरा

दोन अर्ज आणले, तिथेच सगळं बिघडलं.

एकच आणला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस एक कागद खराब होणार हे धरूनच चालतो. हातावर त्याचा भरवसा नव्हता. आवाजावर मात्र अढळ होता. "मयताचं नाव?" एवढे दोनच शब्द तो खिडकीतून अशा खर्जात सोडायचा, की कोरड्या डोळ्यांनी आलेले नातेवाईकही हुंदके देत परत जायचे. कचेरीत सगळे त्याला 'खर्जेबुवा' म्हणत. (हा आपला गौरव आहे, असं एकट्या खर्जेबुवांनाच वाटे.)

तर बसस्थानकावर 'निवेदक पाहिजे, वयाची अट नाही' अशी पाटी लागली आणि बुवा दोन अर्ज घेऊन घरी आले. पहिला अर्ज चक्क न खोडता भरून झाला.

"मग हा दुसरा टाकून देऊ?" बायकोने विचारलं.

"तूच भर की," बुवा उदारपणे म्हणाले. "तेवढीच मला सोबत. आणि हे बघ, स्वतःवर विश्वास पाहिजे. तो असला की माणूस कुठल्या कुठे जातो."

विश्वास होता बुवांकडे आणि कुठल्या कुठे गेली बायको. परीक्षेत बुवांनी 'फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटत आहे' हे वाक्य असं म्हटलं, की परीक्षकांपैकी एकाने दचकून विचारलं, "अपघात झालाय का?" बायकोने तेच वाक्य, शेजारणीला दूध उतू जातंय म्हणून सांगावं तसं सहज सांगितलं. आठ दिवसांत तिच्या नावाचं पत्र आलं.

"अभिनंदन," बुवा म्हणाले. एवढ्या पडेल आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील.

त्यानंतर गावभर एकच विषय. दूधवाला म्हणे, "बाईंचा आवाज ऐकला की गाडी चुकत नाही." न्हाव्याने बुवांची अर्धी दाढी तशीच ठेवून, "कालचं 'सावकाश चढा' काय गोड म्हणाल्या हो!" असं ऐकवलं. अर्ध्या दाढीच्या माणसाला उठून जाता येत नाही, म्हणून बुवांनी ऐकून घेतलं. सख्ख्या मुलीनेही आईचा आवाज फोनमध्ये भरून घेतला आणि गजराला लावला. म्हणजे बुवांना जागही आता बायकोच्या निवेदनाने यायची.

बुवांच्या पोटात जे दुखू लागलं, त्यावर औषध नव्हतं. मग त्यांनी स्वतःच उपाय शोधला. रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचं, बसस्थानकातल्या जाड खांबामागे उभं राहायचं आणि बायकोच्या चुका वहीत टिपायच्या. तीन आठवड्यांत वहीत एकच नोंद झाली : 'मंगळवार, एकदा खोकली.'

आणि एके दिवशी बायको चष्मा घरीच विसरली.

"बाबा, आईचा चष्मा!" मुलगी ओरडली. "नेऊन देता?"

"देतो ना," बुवा म्हणाले आणि चष्मा खिशात घालून निघाले. थेट खांबामागे जाऊन उभे राहिले. आता ही अडखळणार! तीनची गाडी आठवर लावणार! बुवांनी पेन्सिलीला टोकही काढून ठेवलं.

पाऊण तास झाला. अकरा गाड्या सुटल्या, अकराही बुवांनी वहीत टिपल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

शेवटी बुवांना राहवलं नाही. ते तडक निवेदन-खोलीत घुसले.

"चष्म्याशिवाय वाचतेस कशी तू?"

"वाचत नाही. सगळं वेळापत्रक पाठ केलंय मी, स्वयंपाक करता करता. पण तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," म्हणत बुवांनी चष्मा पुढे केला; बायकोने तो चढवला आणि त्यांच्या हातातली उघडी वही पाहिली.

"मग वहीत अकरा गाड्या कशा लिहिल्यात?"

 बुवांचा एकदम बांध फुटला. "हो, पाऊण तास उभा आहे! रोज उभा असतो, त्या खांबामागे! तुझी एक चूक व्हावी म्हणून! स्वप्न माझं होतं, अर्ज मी आणला, स्वतःवर विश्वास माझा होता, आणि..."

"मला कुठे होता?" बायको हळूच म्हणाली. "परीक्षेला पाय लटपटत होते माझे. तशीच गेले. तुम्ही विश्वास ठेवत बसलात, मी पाठांतर करत बसले."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर हमाल उभा होता. "बाई, बटण चालू राहिलंय. सगळं बाहेर ऐकू येतंय."

बुवांनी वळून पाहिलं. झाडून सगळे फलाट खोलीकडे तोंड करून उभे होते. पाच नंबरची गाडी सुटायची वेळ टळून गेली होती, कारण चालकाला शेवट ऐकायचा होता.

स्थानकप्रमुखांनी बायकोला बोलावलं तेव्हा मात्र बुवाही मागोमाग धावले. नोकरी जाणार, आणि तीही आपल्यामुळे! इतके दिवस जे घडावं म्हणून ते टपून बसले होते, ते समोर आल्यावर त्यांना घाम फुटला. ते बायकोच्या पुढे जाऊन म्हणाले, "साहेब, चूक सर्वस्वी माझी. त्या निर्दोष आहेत. वही बघा, पुरावा आहे."

साहेबांनी वही चाळली आणि हसू दाबत म्हणाले, "तीन आठवड्यांत एक खोकला? असा अहवाल आमच्या कुणाचाच नाही. बाई राहतील. आणि तुमचा आवाज चिडल्यावर बरा येतो हो. माणसासारखा. यांच्या रजेच्या दिवशी याल का?"

महिनाभर बायकोने बुवांना घरी घोकवून घेतलं. "खर्ज नको. दूध उतू जातंय, एवढंच सांगा." बुवांनी मान खाली घालून ऐकलं, ओट्यापाशी उभं राहून वेळापत्रक पाठ केलं.

अखेर तो दिवस आला. बायकोने रजा घेतली, बुवा खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि पहिलं निवेदन एकही चूक न करता केलं.  मग लोक एकेक करत खोलीच्या काचेपाशी जमू लागले. बुवांचा ऊर भरून आला. त्यांनी दार उघडलं.

पुढे उभ्या असलेल्या म्हातारबाबांनी काळजीने विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

बुवा निमूटपणे खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बाईंची तब्येत उत्तम आहे. त्या उद्या येतील."

आणि अख्ख्या बसस्थानकाने टाळ्या वाजवल्या.