शरूबेटाची लोकसंख्या

राष्ट्राचं भवितव्य शाळेच्या वर्गात घडतं असं म्हणतात. श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स येथील मराठी वस्तीत मात्र ते आदल्या शनिवार-रविवारी वडिलांच्या लॅपटॉपवर घडतं. मुलाने प्रोजेक्ट करायचा आणि वडिलांनी कौतुकाने बघायचा, ही मागासलेली पद्धत या वस्तीने केव्हाच मोडीत काढली. तिच्यात एक मूलभूत दोष होता: प्रोजेक्टचा दर्जा मुलाच्या वयाइतकाच राहायचा.

२००६ सालच्या ऑक्टोबरात चौथीतल्या निधी खानझोडेला तिच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला. समुद्रातला एक छोटासा प्रांत मनाने रचायचा. त्याचं नाव, लोकसंख्या, लोक काय करून पोट भरतात, आणि एखादा कायदा, एवढं एका पानावर लिहायचं आणि दोन नोव्हेंबरला सगळ्या पालकांसमोर सांगायचं. निधीने ते पान पंधरा मिनिटांत पेन्सिलीने लिहून टाकलं. बेटाचं नाव शरूबेट, कारण तिच्या आजीचं नाव शरयू. लोकसंख्या चार. उद्योग, पोळ्या. कायदा एकच: कोणीही परत जायचं नाही.

निधीचा बाबा देवदत्त हा मूळचा वर्ध्याचा आणि हल्ली एका विमा कंपनीत सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट. त्याने पान वाचलं आणि त्याला लेकीची काळजी वाटली. चार माणसांवर कर तो काय गोळा होणार? एकाच मालावर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था मंदीत तग कशी धरणार? शिवाय उल्हासच्या मुलाच्या बेटावर स्टॉक एक्स्चेंज आहे, ही बातमी मंजुषाने, म्हणजे त्याच्या बायकोने, देशी दुकानातून येतानाच आणली होती. (उल्हास त्याच गल्लीत राहतो आणि डेटाबेसमध्ये आहे, म्हणून त्याच्या मुलाचे प्रोजेक्ट नेहमीच सरस होतात.) देवदत्तने बाह्या सरसावल्या. "निधी, धिस इज अ गुड स्टार्ट," तो म्हणाला. मुलाच्या हातून प्रोजेक्ट काढून घेताना हे वाक्य म्हणायची रीत आहे.

दोन शनिवार-रविवारांत शरूबेटाचा कायापालट झाला. नाव बदलून ते 'ईस्टर्न आयलंड प्रॉव्हिन्स' झालं. लोकसंख्या ४८,२१६ ठरली. (शेवटी सहा ठेवण्याचं कारण, गोल आकडा खोटा वाटतो.) उत्पन्नाची वाटणीही ठरली: मासेमारी एकतीस टक्के, नारळ अठरा, सॉफ्टवेअर सदतीस, किरकोळ दोन पूर्णांक सहा, उरलेलं पर्यटन. पोळ्या 'किरकोळ'मध्ये गेल्या. माशांचं प्रमाण वाढवावं की काय यावर देवदत्तने जेवायच्या टेबलावर बराच ऊहापोह केला. त्या वेळी त्याची आई, शरयूताई, त्याच्या पानात तिसरी पोळी वाढत होत्या.

पण देवदत्तचं खरं कसब दिसलं ते कायद्यात. बाईंनी एक कायदा मागितला होता, त्याने बेटावर येऊन राहण्याचे चौदा कायदे केले. हा विषय त्याच्या हाडीमासी खिळलेला होता, कारण ग्रीन कार्डच्या रांगेत त्याचं हे पाचवं वर्ष चालू होतं. अन्यायी माणसाने कायदे केले तर ते कडक होतात, आणि अन्याय सोसलेल्याने केले तर त्याहून कडक होतात. आपल्याला लागला तेवढा तरी वेळ पुढच्याला लागलाच पाहिजे, नाहीतर आपल्या रांगेची किंमत ती काय राहिली? तेव्हा बेटावर जन्मेल तो नागरिक. बाहेरून येणाऱ्याने आधी काम मिळवायचं, मग ते काम बेटावरच्या कोणाला जमत नाही हे सिद्ध करायचं, मग रांगेत उभं राहायचं. कोणत्याही एका जिल्ह्याची माणसं सात टक्क्यांवर जाता कामा नयेत. रांगेतला माणूस बेटावर राहू शकतो, पण तो लोकसंख्येत धरायचा नाही. त्याच्या बायकोने नोकरी करायची नाही. (हा नियम वाचताना एम.एस्सी. झालेल्या मंजुषाने टेबल जरा जोरात पुसलं.)

निधीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली.

"बट बाबा, आजी कशात?"

देवदत्तने रकाने पाहिले. आई कमावत नव्हती, शिकत नव्हती, रांगेतही नव्हती. ती मे महिन्यात व्हिजिटर म्हणून आली होती आणि बारा नोव्हेंबरला जाणार होती.

"पर्यटनात," तो म्हणाला. "सहा महिने मॅक्झिमम."

यात कोणाला कडवटपणा दिसेल, तर तसं काही नव्हतं. ही श्रूजबरीचीच काय, अल्फारेटापासून फ्रिस्कोपर्यंतच्या सगळ्या मराठी वस्त्यांतली मान्य व्यवस्था आहे. सहा महिने मुलाकडचे पर्यटक येतात, ते गेले की सहा महिने मुलीकडचे. मधल्या दोन दिवसांत चादरी धुऊन होतात. शरयूताईंच्या त्या वर्षीच्या पर्यटनाचा तपशील असा: पोळ्या सुमारे तीन हजार; निधीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं बहात्तर वेळा; निधीच्या तापात उशाशी बसणं, तीन दिवस; मंजुषाच्या कंबरेला तेल, नोंद नाही; स्थलदर्शन, नायगारा, चार तास, पैकी दीड तास पार्किंग. एवढं फिरूनही त्या थकल्याची तक्रार करत नसत, यावरून इथल्या हवेचा गुण लक्षात यावा.

मुक्काम वाढवायचा अर्ज असतो. देवदत्तने तो सप्टेंबरातच छापून घेतला होता. त्यात आईचं नाव लिहून झालं होतं आणि मुक्काम वाढवण्याचं कारण या रकान्याशी पेन थांबलं होतं. तशात मंजुषाचे वडील गुरुनाथराव आणि आई यांची चौदा नोव्हेंबरची तिकिटं निघाली, आणि एका स्वयंपाकघरात दोन्हीकडचे पर्यटक ठेवू नयेत हा चौदा कायद्यांत नसलेला पण त्या सगळ्यांहून जुना कायदा आहे. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. आईला राहायचं आहे का, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, ही त्यातली अडचण होती.

दोन नोव्हेंबरला शाळेत सव्वीस बेटं मांडली होती. त्यांतली बावीस वडिलांची होती. निधी पोस्टरशेजारी उभी राहिली आणि तिने मासे, नारळ आणि चौदा कायदे घडाघडा म्हणून दाखवले. देवदत्त पाठीमागे उभा राहून ओठ हलवत होता. शरयूताई तिसऱ्या रांगेत, लहान मुलाच्या खुर्चीवर, शाल घेऊन बसल्या होत्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि अगदी सहज विचारलं, या बेटावर तुझ्या घरची किती माणसं राहतात?

निधीने पोस्टरवरच्या नियमांकडे वळून पाहिलं. ती देवदत्तचीच मुलगी, नियम लावून बघायला तिला वेळ लागला नाही.

"जस्ट मी," ती म्हणाली. "आय वॉज बॉर्न देअर. बाबा इज इन द लाइन. मम्मा इज विथ बाबा. अँड माय आजी इज टूरिझम."

पालक हसले. बाईंनी शेऱ्यात 'अत्यंत वास्तववादी' असं लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. शरयूताईंनी वर्ध्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेलं असल्यामुळे त्यांना इंग्रजी बेताचंच येत असलं तरी वजाबाकी कळत होती. गाडीत बसल्यावर त्यांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या,

"टूरिझमला किती टक्के दिलेस रे?"

"अकरा पूर्णांक चार."

"बरे दिलेस."

देवदत्तचं एक वळण चुकलं आणि घरी पोचायला त्या दिवशी वीस मिनिटं जास्त लागली. इथे उपरोध नाही, त्याला खरंच वाईट वाटलं. घरी आल्यावर त्याने ड्रॉवर उघडून अर्ज बाहेर काढला, कारणाच्या रकान्याकडे पाहिलं, कॅलेंडरवरच्या चौदा तारखेकडे पाहिलं, आणि ड्रॉवर लावला.

बारा तारखेला बॅगा वजनकाट्यावर चढल्या. बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि शेजारच्यांसाठी नेलकटर धरून दोन्ही बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या बरोबर काट्यावर आल्या. निधीने तिचं पहिलं पान, पेन्सिलीने लिहिलेलं, रद्दीतून काढलं आणि आजीच्या पर्समध्ये घातलं. विमानतळावर जाताना देवदत्तने आईला 'राहा' म्हणायचं तीन वेळा ठरवलं. प्रत्यक्षात तो म्हणाला, "व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. लाजू नकोस, बस."

पोळ्यांच्या उत्पादनात दोनच दिवसांचा खंड पडला. चौदाला मुलीकडचे पर्यटक उतरले, त्यांनी आल्या आल्या कणीक कुठे ठेवता ते विचारून घेतलं, आणि अर्थव्यवस्था पूर्वपदावर आली. ईस्टर्न आयलंड प्रॉव्हिन्सचं पोस्टर जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेलं आणि तिथे उल्हासच्या स्टॉक एक्स्चेंजच्या वर लागलं. देवदत्तच्या पुढच्या अर्जात घरातली माणसं किती, असा प्रश्न होता. त्याने तीन लिहिलं. ते कायद्याने बिनचूक होतं.

वर्ध्याला शरयूताईंनी ते पेन्सिलीचं पान फ्रिजवर चिकटवलं आहे. त्या घरात एकट्या राहतात. गॅसवाला, मतदार यादीवाला, पोलिओवाल्या बायका, जो कोणी दारात येऊन घरात माणसं किती असं विचारतो त्याला त्या पानाकडे न बघता चार सांगतात. यादीवाल्याने गेल्या खेपेला आत डोकावून पाहिलं आणि सरकारी आकडा खराब होईल म्हणून स्वतःच एक लिहिलं.

हे वाचताना आपण आपल्याही घरातली माणसं मनातल्या मनात मोजलीच असतील, वाचणाऱ्याला तेवढी सवय असतेच. आपला आकडा बरोबरच असणार. तरी एकदा गावाकडच्या आकड्याशी ताडून पाहायला हरकत नाही. रविवारी सकाळी फोन लावावा. एक रिंग पुरते, आई फोनजवळच बसलेली असते.