वहिनीचं नाव

खरं सांगायचं तर हे लिहिणारच नव्हतो. नवनाथ वकील शिरूरला रोज भेटतो आणि हा विषय निघाला की मान खाली घालतो. पण शेवटी तोच म्हणाला, "लिही बाबा, निदान दुसरा कुणीतरी शहाणा होईल."

नवनाथची वकिली चालायची ती दुसऱ्यांच्या बुडण्यावर. गावोगाव चहाच्या फ्रँचायझी निघाल्या, सगळीकडं एकच पाटी, एकसारखे कप. मूळ कंपनीनं दिवाळं काढलं आणि दुकानं लंगडायला लागली. ज्यांची उधारी अडकली ते दूधवाले, कपवाले नवनाथकडं यायचे. समोरचं कुणी कोर्टात यायचंच नाही, मग निकाल एकतर्फी. नवनाथ ऐटीत सांगायचा, "आपल्यापुढं कोण उभंच राहत न्हाई."

म्हाळूआण्णा डेअरीवाल्यांची केसही अशीच जिंकली. समोर होती कुणी करिश्मा सोपान थिटे. नोटीस केंदूरच्या पत्त्यावर गेली, बाई काही आली नाही. मग जप्तीचा हुकूम आणि टेम्पो घेऊन बेलिफ, आण्णा आणि नवनाथ केडगावला निघाले. दुकान स्टेशनाजवळ आहे, एवढंच आण्णांना ठाऊक. "दूध डायवर टाकायचा. म्या कशाला बघाया जातोय?"

नवनाथ खूश. केडगावात त्याचा लंगोटीयार जालिंदर, त्याचंही चहाचंच दुकान. लगेच फोन लावला. "जाल्या, येतोय. तीन चहा टाक."

"पातेलंच टाकतो! तुझी वहिनी बी हाय दुकानात."

वहिनीनं चहाबरोबर भजी तळली. बेलिफानं दुसरा कप मागून घेतला. आण्णा म्हणाले, "चहा करावा तर आसा. न्हाईतर आमच्या दुधाचं लोकांनी पाणी केलं."

नवनाथनं तोंड पुसत विचारलं, "जाल्या, हितं करिश्मा थिटे बाईचं दुकान कुठं रं? जप्ती हाय."

"चेष्टा करतो व्हय?" जालिंदर हसला. मग बेलिफाच्या मांडीवरची फाईल दिसली आणि हसू उतरलं. "आरं, करिश्मा म्हंजी तुझी वहिनी."

नवनाथच्या हातातलं भजं हातातच राहिलं. ह्यांच्या लग्नात तो वाढपी होता, पोराच्या बारशाला जेवला होता. पण वहिनी म्हणजे वहिनी. नाव कशाला विचारायचं? दुकान तिच्या नावावर, आणि आधार कार्ड अजून माहेरचं, केंदूरचं.

"नोटीस माझ्या आबांनी घेतली आसंल," वहिनी म्हणाली. "कोर्टाचा कागद दिसला की ते घाबरून देवामागं ठेवत्यात."

"आण्णा, आज राहू द्या," नवनाथ म्हणाला.

"तुम्हीच म्हणला न्हवं, आजच उचला, उद्या माल हलवतील?"

बेलिफानं कप खाली ठेवला. "हुकूम तुमच्याच अर्जावर झालाय, साहेब."

चहाचं मशीन उचललं गेलं. हात लावायला जालिंदरच पुढं झाला. "आडवं धरू नका, आत पाणी हाय." आण्णा कुणाकडं न बघता टेम्पोत जाऊन बसले. वहिनी खरकटे कप गोळा करत म्हणाली, "भावजी, आधी कळलं आसतं, तर तुम्हालाच वकील लावला आसता."

टेम्पो गेला. नवनाथ मागंच राहिला.

"जाल्या, उद्या आण्णांचं वकीलपत्र सोडतो. निकाल फिरवायला तुला चांगला वकील गाठून देतो. आन् हितनं पुढं समोरचं माणूस कोर्टात आलं न्हाई, तर आधी त्येच्या घरी चहाला जाईन."

जालिंदर मशीनच्या रिकाम्या जागेवरून फडकं फिरवत होता. "चहा राहू दे. नाव इचारत जा."

"इचारीन," नवनाथ म्हणाला. "तुझ्या गळ्याशप्पत, पहिलं नाव इचारीन."