नवरदेव गाळणीत

नुकसान उघडकीला आलं ते मेहुणी चहा गाळायला गेली त्या सकाळी.

"भावोजी, गाळणीत हे पांढरं काय?"

"काचेच्या टाकीतला चुरा," शिंपी शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "कापडाची कातरण. रोज पाण्यावर येते, रोज याच गाळणीने काढतो. तुझ्या बहिणीची टाकी आरशासारखी ठेवलीय."

मेहुणीने कपाळावर हात मारला. "अहो, ही ताईच्या पाणगवताची नरफुलं आहेत! पाण्याखाली बुडाशी सुटतात, वर येऊन होड्यांसारखी तरंगतात आणि मादीफुलाला भिडतात. तेव्हा कुठे बी धरतं. तुम्ही रोज सगळे नवरदेव मोरीत ओतताय!"

शिंप्याचा पाय मशीनवरच थिजला. बायकोने या बियांसाठी किती वाट पाहिली होती! फुलं आली, तेव्हा ती या जगात नव्हती. आता लांब देठावर तरंगणारं एकच मादीफूल उरलं होतं.

तेवढ्यात तळातून पांढरे ठिपके वर येऊ लागले.

"आले, आले!" शिंप्याने टेबलपंखा लावला. सगळी वरात भलत्याच कोपऱ्यात जाऊन काचेला चिकटली. मेहुणीने पुठ्ठ्याने वारा घातला, तर ती दुसऱ्या कोपऱ्यात.

टाचण्या लावलेला कोट घालून आरशापुढे एक गिऱ्हाईक उभं होतं. शिंप्याने त्यालाच ओढलं.

"तुम्ही इकडून फुंका!"

"मी? अहो, उद्या माझं लग्न आहे!"

"तुमचं उद्या, हिचं आत्ता! फुंका!"

"हळू, बुडवाल!" शिंपी ओरडे. "जोरात, जेवला नाहीत का?" मेहुणी ओरडे. तिघंही गाल फुगवून टाकीभोवती फिरत होते. पंख्याने उडवलेली खरीखुरी कातरण गिऱ्हाइकाच्या नाकात गेली आणि त्याने अशी काही शिंक दिली, की होड्या थेट फुलात आणि कोटाची बाही पाण्यात.

"लागलं!" शिंप्याने त्याला मिठी मारली. टाचण्या दोघांनाही टोचल्या.

दोन-तीन दिवसांनी फूलच गायब. देठ स्प्रिंगसारखा आखडून तळाला गेलेला. "बुडालं गं! मेल्याच्या शिंकेनं बुडालं!" शिंप्याने कोपरापर्यंत हात घातला.

मेहुणीने तो धरला. "ओढू नका! बी धरलं की देठ फळाला असंच खाली नेतो. जमलं, भावोजी!"

शिंपी ओल्या हाताने हसत सुटला. "मग ते बी काढायचं कधी?"

"ते ताईलाच ठाऊक होतं."

शिंप्याने हात पुसला. तिला विचारायचं राहून गेलं होतं.