निमूट गाडी

सात जणांची फॅमिली व्हॅन घरी आली, तिला हार घातला गेला, सोसायटीत पेढे वाटले गेले, आणि पहिल्याच रविवारी रणजीत सकपाळ यांच्या असं लक्षात आलं की ही गाडी उलट बोलते.

बटण दाबून गाडी सुरू केली न केली तोच समोरच्या पडद्यावर एक लाल माणूस उमटला आणि टिंगटिंग सुरू झालं. सकपाळ थांबले. टिंगटिंग थांबलं नाही. चालकाने सीटबेल्ट बांधलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. म्हणणं खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं? जिचे हप्ते आपण भरायचे तिने आपल्यालाच, बायकोपोरीसमोर, सोसायटीच्या गेटात, वॉचमन ऐकत असताना असं टोकावं, हे सकपाळांच्या मनाला लागलं.

सकपाळ काही अडाणी नव्हते. न्हावा शेवा बंदराच्या बाजूला एका क्लिअरिंग एजंटाकडे त्यांची निम्मी हयात गेली होती. परदेशातून आलेला कंटेनर कागदपत्रं करून सोडवायचा आणि मालकाच्या हवाली करायचा, हे त्यांचं काम. त्यात एखादी हरकत निघाली की तिला या धंद्यात ‘क्वेरी’ म्हणतात. नवीन पोरं क्वेरी आली की ती वाचत बसतात. वजन खरंच जास्त आहे का, माल खरंच वेगळा आहे का, असल्या गोष्टींत शिरतात आणि तोवर कंटेनर यार्डात उन्हं खात पडतो. क्वेरीत काय लिहिलंय याला महत्त्व नसतं, ती मिटली की नाही याला असतं, हे सकपाळांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. त्यांच्या टेबलावर आलेली क्वेरी संध्याकाळपर्यंत मिटायची. माल होता तसाच असायचा.

तेव्हा गाडीने क्वेरी काढली आहे, एवढं त्यांना कळलं आणि बायकोला घरी उतरवून त्यांनी ती सरळ धर्मराजच्या दुकानाकडे वळवली.

धर्मराजचं खांदेश्वरला गाड्या सजवण्याचं दुकान होतं. सीट कव्हर, पायपोस, काचेवरचे स्टिकर, आणि आतल्या खोलीत जे पाटीवर लिहिता येत नाही ते. त्याने टिंगटिंग ऐकलं आणि डॉक्टरने खोकला ऐकून हलवावी तशी मान हलवली.

“साहेब, टेन्शन नाय. ह्याला क्लिप येते.”

“क्लिप म्हणजे?”

“बेल्टचा पुडचा तुकडा. नुसता तेवडाच. खाचेत घातला की गाडीला वाटतं, शेट बांधून बसलेत. आवाज बंद.”

“आणि बेल्ट?”

“बेल्ट राहू द्या ना मागं. बेल्टला कोन काय बोलतंय?”

सकपाळांना माणूस एकदम पसंत पडला. “सातही जागांवर लावून टाक,” ते म्हणाले. “एकेकाची वेगळी क्वेरी नको.”

पाचवीतली सोनम मधल्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, “पप्पा, पण आता मी बेल्ट कुठे लावू? ह्याच्यात तर हे बसलंय.”

“लागलेला आहे बाळा. ते बघ पडद्यावर.”

पडद्यावर सात हिरवी माणसं ओळीने बसली होती. गाडीत बापलेक दोघंच होते, आणि दोघांपैकी एकानेही काही बांधलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून सकपाळ एकटे कामावर निघाले तरी सोबत सहा हिरवी माणसं पट्टे आवळून बसलेली असत. ती कुठेही यायला तयार असत आणि घाटात त्यांना उलट्या होत नसत.

यानंतर गाडीने दुसरी क्वेरी काढली ती पार्किंगमध्ये. मागे घेताना ती खांब दिसला की ओरडायची, स्कूटर दिसली की ओरडायची, मांजर दिसलं तरी ओरडायची. धर्मराजने मागची वायर काढली. पुढच्याच आठवड्यात खांब आणि मागचा बंपर यांची गाठ पडली. सोसायटीचे सेक्रेटरी गंगाराम यांनी तातडीची सभा घेतली. खांब आपली जागा सोडून हलला होता काय, याची पाहणी झाली, हलला नव्हता. मग वॉचमनला बोलावण्यात आलं.

“मी ओरडलो होतो साहेब,” वॉचमन म्हणाला. “ह्यांच्या काचा बंद होत्या.”

हळू ओरडल्याबद्दल वॉचमनला समज देण्यात आली आणि खांबाला पिवळे-काळे पट्टे मारण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. सकपाळांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला.

तिसरी क्वेरी एक्सप्रेसवेवर निघाली. वेग वाढला की गाडी कण्हायची आणि आणखी वाढला की कण्हणं थांबवायचीच नाही. आता धर्मराजने जरा मूलगामी विचार केला. “साहेब, एकेक आवाज मारत बसन्यापेक्शा गळाच काडू ना तिचा.” त्याने पडद्यामागे हात घातला आणि सुपारीएवढी काळी डबी बाहेर काढली. हँडब्रेक, दिवे, दरवाजे, वेग, सगळ्यांचं बोलणं त्या एका डबीतून व्हायचं. ते संपलं.

राहता राहिलं मधलं सरकतं दार. ते बटणावर चालायचं आणि मध्ये कोणी असेल तर बंद व्हायला नकार द्यायचं. सकपाळांच्या आई भिमाबाई गुडघ्यावर हात टेकत, पिशवी सावरत गाडीत चढायच्या. दार अर्ध्यावर यायचं, त्यांना बघायचं आणि परत मागे जायचं. वास्तविक हे वागणं फार अदबीचं होतं. त्या घरात भिमाबाईंसाठी एवढं थांबणारं दुसरं कोणी नव्हतं. पण सकपाळांना उशीर व्हायचा. धर्मराजने दोन वायरी एकमेकींना जोडल्या.

“आता गाडीला दार कायम बंदच दिसनार.”

“उघडं असलं तरी?” सकपाळांची बायको शर्मिला हिने विचारलं.

“उगडं असलं तरी, वैनी.”

“अहो, हे बरं का पण?” ती नवऱ्याकडे वळली.

“गाडीची काही हरकत आहे का?” सकपाळ म्हणाले. “विचार तिला. आहे का? नाही ना? मग तुझी काय?”

आता गाडीत एकच क्वेरी काढणारं यंत्र उरलं होतं, आणि ते धर्मराजच्या आवाक्याबाहेरचं होतं. “रंजा, दार लागलाय का नीट? पोरीला पट्टा बांधलास का? हळू हाक रं बाबा, कोण पाठी लागलाय तुज्या?” भिमाबाई सीटबेल्टपेक्षा जास्त वेळ वाजायच्या आणि त्यांना क्लिप येत नव्हती. आईचं काही करता येईल का, असं सकपाळांनी धर्मराजला कधीच विचारलं नाही. संस्कार आडवे आले. एकदा दुकानासमोर गाडी जरा वेळ नुसती उभी केली होती, एवढंच.

शेवटी उपाय त्यांनी स्वतःच काढला. आईला सगळ्यात मागच्या रांगेत बसवलं, हातात मोठ्या पडद्याचा मोबाइल दिला, मालिका लावून दिली आणि कानांवर हेडफोन चढवले. भिमाबाईंनाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत मुलाने आपल्यासाठी न मागता काही आणलं, म्हणून त्यांचे डोळे भरून आले. गाडी निमूट झाली. सोसायटीतल्या लोकांना सकपाळ मुद्दाम चक्कर मारून आणायचे आणि लोक म्हणायचे, “काय स्मूथ आहे हो! आवाज म्हणून नाही.”

शर्मिलाच्या भाचीचा साखरपुडा तळवलीला होता. सगळे नटून निघाले. सोनमने नवा घागरा घातला होता, आणि नव्या सीटा मळू नयेत म्हणून त्यांच्यावरचा कारखान्यातला प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. घागरा त्यावरून सारखा घसरत होता. ती दाराला टेकून बाहेर बघत होती. निघताना घाईत दार पूर्ण बसलं नव्हतं. पूर्वी हे चार जणांनी सांगितलं असतं: डबीने, पडद्याने, स्वतः दाराने आणि भिमाबाईंनी. पहिल्या तिघांची तोंडं बंद होती, आणि भिमाबाई मालिकेतली सासू सुनेच्या दुधात काय मिसळते ते बघत होत्या.

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून गाडी गावाकडे वळली. दार सरकलं. आवाज न करता सरकलं. त्याच्या पाठोपाठ सोनमही.

शर्मिलाची किंकाळी ऐकून सकपाळांनी ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने त्याआधीच मारला होता, म्हणून पोरगी जिवानिशी वाचली. सकपाळ धावत गेले. पोरीचा हात वाकडा झाला होता, कपाळातून रक्त येत होतं आणि ती रडतही नव्हती, नुसती बघत होती. तिला उचलताना त्या माणसाला दुसरं काही दिसत नव्हतं, कळत नव्हतं. त्या घटकेपुरते सकपाळ फक्त बाप होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

दवाखान्यात हाताला प्लास्टर झालं, कपाळाला टाके पडले आणि हवालदार बाबासो जबाब घ्यायला आले. ते सांगलीकडचे, शांत गृहस्थ होते. दार आता लागतच नाही म्हणून सकपाळांनी सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. तिथला एक तरुणही लॅपटॉप घेऊन हजर झाला. त्याने गाडीला वायर जोडली.

“सर, गाडीत काहीच फॉल्ट नाही,” उघड्या दारात पाय सोडून बसत तो म्हणाला. “सिस्टीमप्रमाणे दार पूर्ण बंद आहे.”

“आनि पट्टा?” बाबासोंनी विचारलं.

“सातही जणांनी बांधलाय. लहान मुलीनेपण. आत्तासुद्धा बांधलेलाच आहे.”

बाबासोंनी खाचेतल्या क्लिपकडे बघितलं, मग दवाखान्याच्या दरवाजाजवळ चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोनमकडे. “आत्तासुदीक? मंग ही कोन?”

“ते मला नाही सांगता येणार सर. माझ्याकडे फक्त सिस्टीमचं असतं.”

बाबासो सकपाळांना बाजूला घेऊन गेले. “साहेब, आता तुमीच सांगा. मशीन म्हनतंय पोरगी बांधल्याली हाय, दार लावल्यालं हाय. तरी बी पडली म्हनत असाल, तर मशीन खोटं कसं झालं ते लिवावं लागंल. मंग क्लिपा आल्या, वायरी आल्या, तुमी आला. पोरीच्या जिवाशी निष्काळजीपना. केस.”

“आणि नाहीतर?”

“न्हाईतर पोरगी गाडीत बसलीच न्हवती. घरात घसरली. लादी वली हुती. लादीवर केस हुत न्हाई.”

इतक्या वर्षांत सकपाळांपुढे इतकी स्वच्छ सुटका कधी आली नव्हती. सगळे पुरावे एकमेकांशी जुळत होते. दार, पट्टा, पडदा, हवालदार, सर्व्हिस सेंटर, कोणाचीच हरकत नव्हती. खुर्चीजवळ परत येऊन सकपाळांनी पोरगी घरात ओल्या लादीवर घसरली असा जबाब दिला आणि सहीसाठी पेन मागितलं.

“पप्पा,” सोनम म्हणाली, “मी घरात नाही पडले. मी गाडीतून पडले.”

“हो बाळा.”

“मग तुम्ही असं का सांगितलं त्यांना?”

सकपाळांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी सही मात्र केली होती.

सर्व्हिस सेंटरच्या तरुणाने दार ठोकून हाताने लागेल इतपत केलं. सकपाळांनी गाडी दवाखान्याच्या पायऱ्यांशी आणली. भिमाबाई आणि शर्मिला आत बसल्या. सोनम चढेना.

“आधी ते काढा. मला बेल्ट लावायचाय.”

“घरी गेल्यावर काढू. घर लांब नाही.”

“नाही. आधी काढा.”

मागून भिमाबाई म्हणाल्या, “काढ ना रं तेवडं. किती येळ लागतोय?”

सकपाळ वाकले. त्यांनी लाल बटण दाबलं. क्लिप हलेना; प्लास्टिकचा कागद तिच्याबरोबर खाचेत जाऊन घट्ट बसला होता. शर्मिलाने केसांतली पिन काढून दिली. सकपाळ गुडघ्यावर बसले, पिनेने कागदाचे तुकडे उकरू लागले. तुकडे निघत होते. क्लिप जराशी वर आली. सोनमने चांगल्या हाताने मागचा पट्टा ओढून तयार धरला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

दवाखान्याचा रस्ता एका गाडीपुरताच होता. मागे दुसरी गाडी उभी होती, तिच्यामागे तिसरी. धर्मराजकडे सगळ्या आवाजांवर इलाज होता. पण माझा हॉर्न काढून दे, असं म्हणत आजवर एकही गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नव्हतं. सकपाळांनी पिन धरलेला हात वर करून एक मिनिट थांबायची खूण केली. हॉर्न पुन्हा वाजला. लांब वाजला. काचेतून मुंडी बाहेर आली.

“ओ काका, गाडी काढा ना! रस्ता काय बापाचा आहे?”

सकपाळ उठले. जन्माची सवय ती. त्यांनी पोरीच्या हातातून पट्टा सोडवला, तिला उचलून सीटवर ठेवलं, दार हाताने ओढलं आणि गाडी काढली. पडद्यावर सातही जण हिरवे होते.

तो हॉर्न तुमचा होता. तुम्हाला आता आठवत नसेल. आपली गाडी पुढे सरकली की कोणाला आठवतं? पोरीच्या पट्ट्यासाठी एकच मिनिट मागितलं होतं.