उम्म अल हस्समीं मरणोन्मुख हार्ड डिस्कची नक्कल उतरविली, त्याची हकीकत

श्रीकृपेंकरून व अल्लाच्या मेहेरबानीनें, बहरीन बेटीं, उम्म अल हस्सम प्रांतीं, शके एकोणीसशें वीस, बहुधान्यनाम संवत्सरीं, आषाढमासीं, जुम्याचे दिवशीं जो प्रसंग गुदरला आणि जी फत्ते जाहली, तिचें वर्तमान कमजास्त न करितां लिहिलें असे.

राजमान्य नझीरमियां, वतन रत्नागिरी, हाली मनाम्यांत एके कंपनीचे स्टोअरकीपर. त्यांचें कुटुंब इस्मतपन्हा शरीफुन्निसा बीबी. तिणें तीन वर्षें खपून, कोंकणी मुसलमानांचे लग्नांत बायका गातात तीं गाणीं म्हाताऱ्यांकोताऱ्यांस बोलतें करून संगणकीं टंकिलीं होतीं. आणि त्यांत हमीदा खाला म्हणोन जी थोर गाणारी, ती गतसालीं पैगंबरवासी जाहली, सबब तिचीं गाणीं त्या डब्याखेरीज पृथ्वीवर कोठें उरलीं नव्हतीं.

ऐसें असतां घरीं नवा सोफा आला, आणि त्यास जागा करावी म्हणोन नझीरमियांनीं चालू संगणक पायानें रेटिला, आणि मग आंतून कट् कट् कट् ऐसा नाद उठला आणि पडदा काळा जाहला. बीबीनें विचारिलें, तेव्हां "काय नाय, गरमी" ऐसें बोलोन सोफ्यावर बैसले.

इतकियांत मियांचे सोयरे फारुखखान बहादुर, जे बोलण्यांत सर्व विषयीं पारंगत व करण्यांत कोणत्याही विषयीं नव्हेत, दाखल जाहले, आणि "यल्ला, फॉरमॅट मार! खलास!" ऐसें गर्जोन हात पुढें केला. मियांस फॉरमॅट म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें, परंतु खलास म्हणजे काय हें पक्कें ठाऊक होतें; सबब खानांचा हात धरिला आणि अदलिया मोहल्ल्यांत ओळखीच्या अरुणाताईंकडे फोन लाविला.

अरुणाताई पुण्याच्या, एके बँकेचे संगणक सांभाळीत. त्या नवी डिस्क, फ्लॉपी आणि स्क्रूड्रायव्हर ऐसा सरंजाम घेऊन आल्या, आणि डब्यास कान लावून पुसत्या जाहल्या,

"पडला होता का, नझीरभाई?"

"नाय ताई. किंचित पाय लागला."

"किंचित म्हणजे?"

"टीव्हीपासून दारापर्यंत."

बीबी स्वयंपाकघराचे दारीं उभी होती. तिणें ऐकिलें आणि हातींचा डाव ओट्यावर आपटिला. तो आवाज तोफेहून भारी जाहला, आणि मियांची मान खालीं गेली ती वर येईना.

मग ताईंचा हुकूम सुटला कीं, ही डिस्क मरावयास टेकली. तिजवर दुरुस्ती करूं नये, एक अक्षर लिहूं नये. पहिल्या घरापासून शेवटल्या घरापर्यंत, भरलें-रितें न पाहतां, हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरावी. जेथें वाचतां न येई तेथें शून्य मांडोन पुढें जावें. गाणीं शोधणें तीं नकलेंत शोधावीं. आणि फारुखखानांनीं हात खिशांत ठेवावे.

त्याबरहुकूम संगणक फ्लॉपीवरून उठविला, एसी सोळावर आणिला, डिस्क डब्याबाहेर टॉवेलावर निजवून पंख्याचा वारा घातला, आणि मग आकडे चालते जाहले. अर्धा मुलूख बिनतक्रार सर जाहला. सत्तर टक्क्यांवर मोठी कटकट होऊन आकडा गोठला. खानांनीं डावा हात खिशांतून काढिला; ताईंनीं नुसतें पाहिलें; हात परत गेला. मग ताईंनीं वीज तोडिली, डिस्क थंड होऊं दिली, उपडी निजविली, आणि राहिले जागेपासून पुन्हा चाल केली. मियांनीं तिसरे प्रहरीं असरची नमाज पढली आणि दुवा मागितली ती निव्वळ डिस्कसाठीं. दिवेलागणीस नक्कल पुरी जाहली.

उघडोन पाहतां दोनशें बारा गाण्यांपैकीं दोनशें अकरा सहीसलामत. हमीदा खालांचीं सारीं होतीं. बीबीनें पदरानें डोळे टिपिले. एक मात्र गारद जाहलें. तें म्हणजे वधूपक्षाच्या बायका नवरदेवाची अब्रू काढितात तें. तें बीबीस तोंडपाठ होतें. तिणें फर्माविलें कीं, आपण गावें आणि मियांनीं टंकावें.

बीबी गाती जाहली, "नवरा मिळाला ठोंब्या गो बाय..." आणि मियांनीं एके बोटानें ठोंब्या हा शब्द दोन वेळां चुकविला, दोन वेळां खोडिला, आणि तिसरे वेळीं बरोबर लिहिला, तेव्हां बीबी दुपारपासून प्रथमच हांसली. येणेंप्रमाणें दोनशें बारा गाणीं हस्तगत होऊन मोहीम फत्ते जाहली.